गाडीतल्या सक्तीच्या सुरक्षेला लोक विरोध का करतात?

अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलची नवी गाडी घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायचं की पट्टा (सीटबेल्ट) लावल्याशिवाय ती सुरू होत नाही. पुढच्या सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर, बकलमध्ये एक स्विच आणि दोघांचे संकेत जुळवून पाहणारी एक छोटी पेटी, एवढीच ती यंत्रणा. तिला इंटरलॉक म्हणत. क्रमही ठरलेला होता: आधी बसायचं, मग पट्टा लावायचा, मग किल्ली फिरवायची. बकल कायमचं अडकवून ठेवायचं आणि त्यावरच बसायचं, ही पळवाट बंद व्हावी म्हणून क्रमाचीही तपासणी होई.

ही सक्ती जेमतेम वर्षभर टिकली. लोक इतके वैतागले की संसदेने कायदाच बदलला. २७ ऑक्टोबर १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यावर सही केली आणि इंटरलॉक सक्तीचा करण्याचा सरकारचा अधिकार गेला. त्याच कायद्याने पट्ट्याची आठवण देणारा बझर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजवण्याची सक्तीही करता येईना. बझरवरची ही मर्यादा २०१२ पर्यंत कायम राहिली.

यावरून बरेच जण निष्कर्ष काढतात की लोकांना स्वतःच्या जिवाची पर्वा नसते. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याच्यामुळे पुढची यंत्रंही चुकीची बनतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर १९७० मध्ये पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक केलं, जगात पहिल्यांदा. तिथे तो कायदा टिकला आणि काही वर्षांत सगळ्या ऑस्ट्रेलियात पोहोचला. पट्टाही सारखाच आणि माणसंही सारखीच. फरक होता तो सक्ती कुठून आणि कशी येते यात. एखादं यंत्र किती जीव वाचवतं यावरून त्याला किती विरोध होईल हे सांगता येत नाही. ते चालकाकडून रोज काय मागतं, किती वेळा चुकतं, आणि चुकलं तर सुटका कशी होते, यावरून मात्र बऱ्यापैकी सांगता येतं.

ज्यांना कोणी विरोध केला नाही

समोरची काच फुटली तरी तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, कारण काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. समोरून धडक बसली तर स्टीअरिंगचा दांडा छातीत घुसण्याऐवजी स्वतः दबतो. दारांच्या आत पोलादी पट्ट्या असतात. मागच्या काचेजवळचा तिसरा ब्रेक दिवा अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. यातल्या एकाही गोष्टीसाठी लोक रस्त्यावर उतरले नाहीत. कंपन्यांनी खर्चाची कुरकुर केली असेल, पण गाडी चालवणाऱ्याला ती जाणवलीसुद्धा नाही, कारण यातलं काहीच त्याच्याकडून काही मागत नाही. अपघात होईपर्यंत ती गप्प असतात.

पट्टा मात्र प्रत्येक फेरीला हाताची हालचाल मागतो. आणि त्याचा फायदा बहुतेकांना आयुष्यात एकदाही डोळ्यांनी दिसत नाही. हजारो फेऱ्यांपैकी एखाद्याच फेरीत अपघात होतो. त्यामुळे एकट्या माणसाच्या अनुभवात पट्ट्याचा त्रास रोजचा असतो आणि लाभ अदृश्य. लाभ दिसतो तो कोट्यवधी फेऱ्यांचा हिशोब एकत्र मांडला तरच. ही विसंगती प्रचाराने थोडी कमी होते, पुरती जात नाही.

इंटरलॉक नेमका कुठे फसला

सीटमधला सेन्सर माणूस ओळखत नव्हता, वजन ओळखत होता. शेजारच्या सीटवर सामानाची जड पिशवी ठेवली किंवा कुत्रा बसला की यंत्राच्या लेखी तिथे पट्टा न लावलेला प्रवासी असायचा आणि इंजिन सुरू व्हायचं नाही. क्रम चुकला तरी तेच. पट्टा लावून झाल्यावर काही घ्यायला सीटवरून जरा उठलात, तर पुन्हा सोडा, पुन्हा लावा. गॅरेजमध्ये गाडी दोन हात पुढे घ्यायची असली तरी सगळा विधी करायचा. बकलमधला स्विच किंवा सीटखालची वायर खराब झाली, तर बाकी सगळी गाडी ठणठणीत असूनही जागची हलत नसे.

या चुकांचं वजन सारखं नव्हतं, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. आठवण देणारं यंत्र चुकलं तर कटकट होते. अडवणारं यंत्र चुकलं तर माणूस अडकतो. तो रात्री निर्जन जागी असेल, किंवा त्याला रुग्णाला घेऊन जायचं असेल. त्यामुळे अडवणाऱ्या यंत्राची अचूकता आठवण देणाऱ्या यंत्राच्या कितीतरी पट जास्त लागते, आणि १९७३ च्या स्विच-वायरींकडून ती मिळणं शक्य नव्हतं. लोकांनी त्यावर उपाय शोधला तोही साधाच: सीटखालचा कनेक्टर काढायचा आणि वायरी जोडून टाकायच्या.

तरीही या गाड्यांमधला पट्ट्यांचा वापर आधीच्या, फक्त बझर असलेल्या गाड्यांपेक्षा खूपच जास्त होता. म्हणजे यंत्र कुचकामी नव्हतं. ते काम करत होतं, आणि लोकांचा रागही खरा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तेव्हा कोणी मानायला तयार नव्हतं.

पट्ट्याबद्दलचे आक्षेप, एकेक करून

तीन ठिकाणी अडकवलेला आजचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतले अभियंते निल्स बोलिन यांनी तयार केला आणि तो १९५९ मध्ये गाड्यांमध्ये आला. त्याआधी ते विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या सीटवर काम करत होते. कंपनीने पेटंट इतरांनाही वापरू दिलं. १९६७ मध्ये बोलिन यांनी २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. त्यात पट्टा न लावलेली माणसं अगदी कमी वेगातही दगावलेली होती.

त्यामागचं गणित कागद-पेन्सिलने करता येतं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. गाडीचा पुढचा भाग अर्धा-पाऊण मीटर चेपतो आणि पट्टाही थोडा सैल होत शरीराला पुढे येऊ देतो. दोन्ही मिळून थांबायला ८० सेंटीमीटर मिळाले असं धरा. तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १२ पट मंदन येतं. ७० किलोच्या माणसासाठी हा जोर जवळपास ८५० किलो वजनाइतका. तो पट्टा पेलतो, आणि छातीचा पिंजरा, खांदा व कंबरेची हाडं वाटून घेतात.

पट्टा नसेल तर गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो त्याच १४ मीटरच्या वेगाने पुढे जातो आणि स्टीअरिंगवर किंवा काचेवर आदळून पाच-सात सेंटीमीटरमध्ये थांबतो. पाच सेंटीमीटर धरले तर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २०० पट. वेग तोच, थांबायला मिळालेलं अंतर फक्त सोळावा हिस्सा.

‘हातांनी धरून ठेवेन’ हा आक्षेप इथेच संपतो. ८ किलोचं बाळ मांडीवर असेल, तर धडकेच्या क्षणी त्याला धरून ठेवायला साधारण १०० किलोचा जोर लागेल, तोही पापणी लवण्याआधी. कुठल्याही आईबापाच्या हातात तो नसतो, कितीही घट्ट धरलं तरी.

‘पट्टा नसेल तर बाहेर फेकला जाऊन वाचेन’ हा समज फार जुना आणि फार घातक आहे. अमेरिकेतल्या जीवघेण्या अपघातांच्या नोंदींमध्ये गाडीबाहेर पूर्ण फेकल्या गेलेल्या दर पाच माणसांपैकी साधारण चार दगावलेली आढळतात. ‘आग लागली किंवा गाडी पाण्यात गेली तर अडकेन’ ही भीती समजण्यासारखी आहे. पण असे अपघात एकूण अपघातांत फारच थोडे, आणि त्यांतही बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं. डोकं काचेवर आपटलेल्या माणसाला बकल सोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

‘मानेला घासतो’ हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर आहे. दारामागच्या खांबावर, जिथून पट्टा खाली येतो, तिथे बहुतेक गाड्यांमध्ये उंची बदलायची सरकपट्टी असते. उंची कमी असलेल्यांनी ती खाली घ्यावी. पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मधोमध यायला हवा, मानेवर नाही आणि दंडावरही नाही. खालचा भाग पोटावर नको, तो कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. गरोदर बाईने तो पोटाच्या फुगवट्याखालून घ्यायचा. पट्टा बगलेखालून घेतला तर सगळा जोर फासळ्यांवर येतो. तो पाठीमागे टाकला तर वरचं शरीर मोकळंच राहतं. सीट फार मागे झुकवली तर धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि खालचा पट्टा हाडांऐवजी पोटात रुततो.

आणखी एक विद्वत्तापूर्ण आक्षेप आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये म्हटलं की सुरक्षित वाटल्यावर लोक बेफाम चालवतात आणि फायदा पुसला जातो. कल्पना विचार करण्याजोगी आहे, आणि काही यंत्रांबाबत थोडी खरीही ठरते. पट्ट्याबाबत मात्र देशोदेशीच्या अनुभवाने तिला पाठिंबा दिलेला नाही. पट्टा लावल्यावर अपघातात मरण्याचा धोका पुढच्या सीटवरच्यांसाठी जवळपास निम्म्याने कमी होतो. एवढा फायदा पुसून टाकण्याइतकं बेफाम कोणी होत नाही.

कायदा, दंड आणि सवय

पश्चिम जर्मनीने १ जानेवारी १९७६ पासून पुढच्या सीटवर पट्टा बंधनकारक केला, पण दंड ठेवला नाही. आठ वर्षं वापर साठ टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. ऑगस्ट १९८४ पासून ४० मार्कांचा दंड लागू झाला आणि वापर थेट नव्वदीच्या वर गेला. ब्रिटनमध्ये १९७० चं दशक जाहिरातींमध्ये आणि संसदेत पुन्हा पुन्हा पडलेल्या विधेयकांमध्ये गेलं. वापर चाळीस टक्क्यांच्या जवळ अडकला होता. ३१ जानेवारी १९८३ ला कायदा लागू झाला आणि तो लगेच नव्वदच्या पुढे गेला. तिथे एक शहाणपण केलेलं होतं: कायदा सुरुवातीला तीन वर्षांच्या चाचणीसाठी होता आणि आकडे पाहून १९८६ मध्ये कायम केला. विरोधकांना ‘तीन वर्षांनी तपासू’ असं सांगता आलं, आणि खरंच तपासलं गेलं.

दंडाची रक्कम इथे गौण आहे. साठ टक्क्यांवरून नव्वदवर गेलेले ते तीस टक्के लोक पट्ट्याच्या विरोधात कधी नव्हतेच, ते फक्त टाळत होते. कायद्याने त्यांना एक सबब दिली. शेजारी बसलेल्या मित्रासमोर पट्टा लावणं भित्रेपणाचं वाटेनासं झालं. खरे विरोधक उरतात ते पाच-दहा टक्के. इंटरलॉकची चूक हीच होती की त्या पाच-दहा टक्क्यांना वठणीवर आणायचं हत्यार सगळ्यांवर चालवलं गेलं.

अमेरिकेत हा रस्ता वाकडातिकडा गेला. १९८१ मध्ये रेगन सरकारने आपोआप संरक्षण देणाऱ्या यंत्रणांची, म्हणजे एअरबॅग किंवा आपोआप लागणाऱ्या पट्ट्याची, सक्ती रद्द केली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणं मनमानी ठरवलं. मग १९८४ मध्ये वाहतूकमंत्री एलिझाबेथ डोल यांनी अट घातली: देशाची दोन तृतीयांश लोकसंख्या भरेल इतक्या राज्यांनी एप्रिल १९८९ पर्यंत पट्ट्याचा कायदा केला तर एअरबॅग वगैरेंची सक्ती होणार नाही. सुरक्षेच्या नियमांना आजवर विरोध करणाऱ्या गाडी कंपन्या रातोरात पट्ट्याच्या कायद्यासाठी राज्याराज्यांत पैसा ओतू लागल्या. न्यू यॉर्कचा कायदा १९८४ च्या शेवटी आला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मात्र १९८६ मध्ये सार्वमत घेऊन आपला कायदा उलथवला, आणि तो १९९४ मध्ये परत आला. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रौढांसाठी असा कायदा आजही नाही.

याच काळात एक तडजोडीचं यंत्र निघालं, जे लवकर विसरलं गेलं हे बरं झालं. दार लावलं की मोटरवर सरकत येऊन खांद्यावर बसणारा पट्टा. कंबरेचा पट्टा हातानेच लावायचा होता, आणि वरचा आपोआप लागल्यामुळे लोक नेमका कंबरेचाच विसरायचे. नुसत्या खांद्याच्या पट्ट्याने धडकेत शरीर खाली घसरतं आणि मान अडकते. माणसाकडून काहीही न मागणारं यंत्र चांगलं, आणि सगळं मागणारंही चालतं. अर्धं काम स्वतः करून उरलेलं न सांगता माणसावर सोडणारं यंत्र सगळ्यांत वाईट.

एअरबॅग: जेव्हा विरोधकांचं म्हणणं काही अंशी खरं ठरलं

एअरबॅगचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा कंपन्यांना खलनायक केलं जातं. त्यांनी बरीच वर्षं वाया घालवली हे खरंच आहे. एप्रिल १९७१ मध्ये फोर्ड कंपनीचे हेन्री फोर्ड दुसरे आणि ली आयकोका राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटून अशा नियमांच्या खर्चाविषयी तक्रार करत होते, ते संभाषण ध्वनिफितीवर आहे. जनरल मोटर्सने १९७४ ते १९७६ दरम्यान एअरबॅगच्या जवळपास १०,००० गाड्या विकल्या आणि मागणी नाही म्हणून थांबवलं.

पण नियमातही एक चूक होती. एअरबॅगची चाचणी पट्टा न लावलेल्या, सरासरी उंचीच्या पुरुषाच्या बाहुल्यावर, ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेत होत असे. नियम लिहिला गेला त्या काळात बहुतेक लोक पट्टा लावत नव्हते, त्यामुळे एकट्या पिशवीने एवढा गडी थांबवायचा होता. म्हणून ती फार जोरात फुगवावी लागे. पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत भरते. माणूस लांब असेल तर ती भरून तयार असते. छाती स्टीअरिंगला चिकटलेली असेल तर भरणारी पिशवीच ठोसा मारते.

१९९० च्या दशकात एअरबॅग सगळीकडे पोहोचल्या आणि किरकोळ धडकांमध्ये पुढच्या सीटवरची मुलं आणि कमी उंचीच्या, स्टीअरिंगजवळ बसणाऱ्या बायका दगावू लागल्या. अमेरिकेच्या सरकारी मोजणीप्रमाणे १९९० ते २००८ दरम्यान असे २९० हून जास्त मृत्यू झाले, बहुतेक १९९८ पूर्वीच्या गाड्यांत. त्यांतल्या बहुतेकांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. पण मागच्या बाजूला तोंड केलेल्या सीटमधलं तान्हं बाळ पुढे बसवलेलं असेल, तर त्याची काय चूक? अशा सीटची पाठ पिशवीपासून काही बोटांवर असते. पुढची एअरबॅग चालू असताना अशी सीट तिथे कधीही लावू नये, हा नियम इथूनच आला.

सरकारने काय केलं हे बघण्यासारखं आहे. १९९७ मध्ये कमी जोराच्या पिशव्यांना परवानगी दिली. जानेवारी १९९८ पासून ठरावीक कारणांसाठी परवानगी घेऊन चालू-बंद स्विच बसवता येऊ लागला. २००० मध्ये नवा नियम आला, ज्यात छोट्या बाईचा, लहान मुलाचा आणि बाळाचा बाहुलाही चाचणीत आला. सीटवर कोण आहे ते ओळखून पिशवी हळू फुगवणारी किंवा बंद ठेवणारी यंत्रणा २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या नव्या गाड्यांत आली. पुढच्या एअरबॅगने अमेरिकेत २०१७ पर्यंत ५०,००० हून जास्त जीव वाचवल्याचा सरकारी अंदाज आहे. ते २९० मृत्यू ‘एवढं चालायचंच’ म्हणून झाकले असते, तर हा आकडा गाठेपर्यंत लोकांचा विश्वास टिकला नसता. तक्रार ऐकून यंत्र सुधारलं म्हणून ते टिकलं.

आजही उपयोगी पडणारं माप: छातीच्या मधल्या हाडापासून स्टीअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. पाय पोहोचत नसतील तर सीट पुढे सरकवायच्या आधी सीटची उंची आणि पाठीचा कोन बदलून पाहा.

आजची कटकट: बीप

आताच्या गाडीत विरोधाचं केंद्र आवाज आहे. लेन सोडल्याचा आवाज, वेग ओलांडल्याचा आवाज, लक्ष नसल्याचा आवाज. इथे एक हिशोब सगळ्यांनी समजून घ्यावा. समजा, वर्षभरात एखाद्या चालकाच्या गाडीला २०,००० वेळा ‘हा धोका आहे का?’ हे ठरवावं लागतं आणि त्यांत खरे धोके दोन. यंत्र ९९ टक्के वेळा बरोबर असेल, तर ते दोन्ही पकडेल, आणि साधारण २०० वेळा उगाच ओरडेल. म्हणजे १०० आवाजांमागे एक खरा. ‘लांडगा आला रे आला’ असं झालं की माणूस बटण शोधतोच. यंत्र ९९ टक्के अचूक आहे ही जाहिरात आणि ते सारखं खोटं बोलतं हा चालकाचा अनुभव, दोन्ही बरोबर असतात.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१६ च्या सुमारास दुरुस्तीला आलेल्या १८४ होंडा गाड्या तपासल्या. एक सोडून सगळ्यांत धडकेचा इशारा चालू होता. लेन सोडल्याचा इशारा मात्र जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या गाड्यांत चालू होता. मालक तेच, गाडी तीच. धडकेचा इशारा क्वचित वाजतो आणि वाजतो तेव्हा समोर खरंच काही असतं. लेनचा इशारा खड्डा चुकवताना, सायकलवाल्याला जागा देताना, पट्टे पुसलेले असताना वाजतो. पुढच्या पाहणीत आवाजाऐवजी स्टीअरिंग किंवा सीट थरथरवणाऱ्या यंत्रणा लोकांनी जास्त वेळा चालू ठेवलेल्या दिसल्या. आवाज सगळ्या प्रवाशांसमोर चालकाला चूक ठरवतो, थरथर फक्त त्याला सांगते.

पट्ट्याच्या बझरनेही हाच धडा शिकून रूप बदललं. १९७२ चा बझर गाडी गिअरमध्ये टाकताच ओरडायचा. आताचा आधी दिवा लावतो, गाडी काही अंतर किंवा काही वेगाने गेली की आवाज सुरू करतो, आणि तरी ऐकलं नाही तर मोठा होतो. गाडी मागे घेताना तो गप्प राहतो. युरोपातल्या शहरांतल्या एका पाहणीत अशी यंत्रणा नसलेल्या गाड्यांत सुमारे ८६ टक्के चालक पट्टा लावत होते, असलेल्या गाड्यांत ९७-९८ टक्के.

तो आवाज बंद करायला बकलमध्ये खोटी क्लिप घालणं हा सगळ्यांत महागात पडणारा उपाय आहे, आणि त्याचं एक कारण फारसं माहीत नसतं. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅग कधी फुगवायची हे पट्टा लावला आहे की नाही यावरही ठरतं. पट्टा नसेल तर ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर आदळण्याइतक्या धडकेला पिशवी उघडते. पट्टा असेल तर साधारण २६ पर्यंत थांबते, कारण तोवर पट्टा पुरेसा असतो. क्लिप घातली की गाडी समजते पट्टा आहे. मग मधल्या वेगाच्या धडकेत ना पट्टा ना पिशवी. शेजारच्या सीटवरच्या पिशवीमुळे बीप वाजत असेल तर पिशवी खाली किंवा डिकीत ठेवा. प्रश्न तिथेच सुटतो, आणि सुटी पिशवी धडकेत उडण्याचा धोकाही जातो.

युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली. तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. ती ब्रेक लावत नाही आणि दंडही पाठवत नाही. कंपनीला आवाज, ॲक्सिलरेटरच्या पेडलची थरथर, त्याच पेडलचा उलटा दाब किंवा इंजिनची ताकद हळू कमी करणं यांतला एक मार्ग निवडता येतो, आणि पेडल जोरात दाबून चालक तिच्यावर मात करू शकतो. ती बंद करता येते, फक्त गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा सुरू होते. त्याच नियमातला अपघात-नोंदक धडकेच्या आसपासचे मोजके सेकंद साठवतो, आणि गाडीच्या ओळख क्रमांकाचे शेवटचे चार अंक त्यात नोंदवायला मनाई आहे. ‘सरकार पाळत ठेवतं’ या भीतीला हे ठोस उत्तर आहे. दुर्दैवाने ते नियमाच्या आत दडलेलं असतं, गाडी विकताना कोणी सांगत नाही.

तिच्या चुका मात्र खऱ्या आहेत. महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या फाट्याची पाटी कॅमेरा मुख्य रस्त्याची समजतो. काम चालू असताना लावलेली आणि नंतर न काढलेली पाटी तो इमानाने वाचतो. नकाशा जुना असतो. म्हणून कुठलाही इशारा बंद करण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची काच आतून-बाहेरून स्वच्छ आहे का, तिथे स्टिकर नाही ना. समोरची काच बदलली असेल तर त्यानंतर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा जुळवणं, केलं का. हे राहून जातं, आणि काही अंशांचा फरक पन्नास मीटरवर अख्ख्या लेनची चूक करतो. नकाशा अद्ययावत आहे का. सेटिंगमध्ये आवाजाऐवजी थरथर, ‘लवकर’ऐवजी ‘उशिरा’ असा पर्याय आहे का. लेनचा इशारा अरुंद, खराब रस्त्यावर तात्पुरता बंद ठेवणं गैर नाही. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मात्र गाडी ओढून नेताना किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या प्रसंगी सोडून बंद करू नये. घसरण रोखणारी यंत्रणाही चिखल किंवा वाळूत रुतलेली चाकं फिरवून बाहेर काढण्यापुरतीच बंद करायची, बाहेर आल्यावर लगेच चालू.

पुढचा वाद

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने पायाभूत सुविधांच्या कायद्यात एक कलम घातलं: नशेत असलेला चालक ओळखून गाडी चालवू न देणारी किंवा मर्यादित करणारी यंत्रणा नव्या गाड्यांसाठी सक्तीची करण्याचा नियम तयार करा. ‘पोलीस दुरून गाडी बंद करणार’ अशी आवई लगेच उठली. कलमात तसं काही नाही. यंत्र गाडीतच आणि स्वतःहून तपासणी करेल, एवढंच त्यात आहे. २०२३ मध्ये या कलमाचा निधी अडवायचा प्रयत्न प्रतिनिधीगृहात फसला.

आवई खोटी असली तरी तिच्यामागे एक रास्त प्रश्न आहे, आणि तो १९७४ च्या सीटखालच्या सेन्सरचाच आहे. हे यंत्र आठवण देणारं नाही, अडवणारं आहे. शुद्धीत असलेल्या चालकांबाबत ते ९९.९ टक्के अचूक असलं, तरी दर दहा लाख फेऱ्यांमागे हजार धडधाकट माणसं जागच्या जागी अडकतील. त्यांत मधुमेहाने थकलेला, डोळ्यांत औषध घातलेला, कंप असलेला म्हातारा माणूस असेल. दुसरीकडे दारू पिऊन चालवणाऱ्यांनी मारलेल्या माणसांची संख्या इतकी मोठी आहे की हे यंत्र नकोच म्हणणंही बरोबर नाही. म्हणून नियम लिहिताना अचूकतेच्या आकड्याइतकेच काही तपशील आधी ठरायला हवेत: चूक झाली तर दुसरी तपासणी किती मिनिटांत होईल, अडवण्याऐवजी वेग मर्यादित ठेवून जाऊ देता येईल का, आणीबाणीची एक सुटका असेल का आणि ती वापरल्याची नोंद कुणाकडे जाईल. उत्तरं तयार नसतील तर लोक सीटखाली हात घालून कनेक्टर शोधतील, आणि या वेळी त्यांच्यासोबत पिऊन चालवणारेही असतील.